वाटीतली डाळ
(मंडळाच्या वार्षिक सभेत वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्र सांगण्याचा अधिकार मजकडे नाही. पण चिटणीसबाईंनी फारच आग्रह केला, म्हणून घरात जे मोजून पाहिले तेवढे सांगते.

गेल्या वर्षी आमच्या सासूबाई पडल्या. हाड सांधले, पण अंगात ताकद येईना. वजन अवघे ५० किलो. डॉक्टर म्हणाले, "रोज ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत." मी लगोलग ७०० रुपयांचा पुडीचा डबा आणला. चार दिवसांनी चष्मा लावून त्यावरची बारीक अक्षरे वाचली, तो १०० ग्रॅमला प्रथिने २० आणि साखर ३०! अहो, फुटाण्यांतसुद्धा प्रथिने विसाच्या वर असतात, आणि साखरेचे पैसे पडत नाहीत. सासूबाईंना दात नाहीत; म्हणून डाळे दळून ते पीठ दुधात कालवून देऊ लागले.

मग तराजूच हाती घेतला. आमच्या पाच माणसांच्या आमटीला तुरीची डाळ १०० ग्रॅम पडते. त्यात प्रथिने सुमारे २२ ग्रॅम, म्हणजे माणशी साडेचारसुद्धा नाहीत! आम्ही आपल्या समजत होतो, आमटी खाल्ली की झाले. ज्वारीच्या एका भाकरीत साधारण ५ ग्रॅम असतात. भाकरीत जे कमी ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते भाकरीत, म्हणून पिठले-भाकरीची जोडी खरी. दूध, अंडी, मासे यांची प्रथिने मुळातच पुरी. एका अंड्यात ६ ग्रॅम, तेवढीच पेलाभर दुधात. पण सासूबाई माळकरी, त्यामुळे अंडी-मासे नाहीत. त्यांना सकाळी मुगाच्या डाळीचे धिरडे, दोन वेळा दूध, घट्ट वरण, वाटीभर दही, आणि आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या रश्शात. बेरीज साठाच्या जवळ गेली. दोन महिन्यांत त्या काठीशिवाय देवघरापर्यंत जाऊ लागल्या.

शेंगदाण्याचे मात्र जपून. प्रथिने चोविसाच्या आसपास, पण तेल चाळिसाच्या घरात. आणि उपासाच्या साबूदाण्यात प्रथिने नाहीतच म्हणा. खिचडीत जी असतात ती कुटाची. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज काही वाढवू नये.

आता थोडे माझे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने ठरवली. माझे वजन ५४ किलो, म्हणजे ४५ ग्रॅम हवीत. एके दिवशी माझेच ताट मोजले, तर पंचवीससुद्धा भरेनात. सर्वांचे झाल्यावर मी बसते, तेव्हा पातेल्यात वरचे पाणी उरलेले असते; डाळ आधीच वाढून झालेली. घरात कोणी उपाशी ठेवले असे नव्हे, कोणाच्या ध्यानातच आले नाही. माझ्याही नाही.

हल्ली आमटी उतरली की घट्ट डाळीची एक वाटी मी आधी बाजूला काढते. धाकट्याने विचारले, "आई, ही कोणाची?" मी म्हटले, "माझी." सासूबाई म्हणाल्या, "त्यावर थोडे तूप घाल गं."

पुढच्या सभेला तराजू घेऊन येईन. ज्यांना मोजायचे असेल त्यांनी घरून आपल्या एका वेळच्या आमटीची कोरडी डाळ आणावी.