मोकाट डुक्कर म्हणजे सेंद्रिय नव्हे

डुकराचं मटण आपल्यात कुणी खातं, कुणी त्याचं नावही काढू देत नाही. पण आजची गोष्ट दोघींच्याही कामाची आहे.

बचतगटात वराहपालनाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "फार्मवरचं डुक्कर औषधावर वाढतं. गावातलं मोकळं फिरतं, म्हणजे तेच सेंद्रिय." यातलं अर्धं खरं, अर्धं घातक.

फार्मवर डुकरं दाटीनं ठेवतात. रोग पसरू नये, वजन लवकर भरावं म्हणून काही जण खाद्यातच अँटिबायोटिक देतात. रोज औषध मिळालं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. मग माणूस आजारी पडला तर तेच औषध लागू पडत नाही. म्हणून तर कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध जनावरांना द्यायला सरकारनं २०१९ साली बंदी घातली.

सेंद्रिय पालनात खाद्य रासायनिक खत-फवारणीशिवाय पिकवलेलं असतं, जागा ऐसपैस असते आणि वाढीसाठी औषध देत नाहीत. जनावर आजारी पडलं तर इलाज करतात, पण औषधाचा अंश अंगातून जाईपर्यंत ते विकत नाहीत. म्हणजे सेंद्रिय डुक्कर काय खातं, ते पाळणारीला ठाऊक असतं.

मोकाट डुकराचं तसं नाही. ते उकिरड्यावर जातं, हागणदारीत जातं. माणसाच्या पोटात पट्टकृमी असला तर त्याची अंडी शौचातून पडतात. डुकरानं ती खाल्ली की त्याच्या मांसात बारीक गाठी होतात. असं मटण अर्धकच्चं खाल्लं तर पट्टकृमी आपल्या पोटात वाढतो.

तीच अंडी मळक्या हातातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून थेट आपल्या पोटात गेली, तर गाठी मेंदूत होऊ शकतात आणि फिट येते. माळकरी बाईलाही येते. फिट आलेल्याला चप्पल हुंगवू नका, देवऋषाकडे नेऊ नका. दवाखान्यात न्या, यावर इलाज आहे.

तेव्हा डुकरं पाळायची तर कुंपणात पाळा. घरातलं शिळं-उरलं घालायचं तर उकळून घाला. मटण आत लाल राहणार नाही इतकं शिजवा. संडास वापरा. ऊसतोडीला गेल्यावर कोपीवर संडास नसला, तरी साबण सोबत ठेवा आणि भाकरी थापण्याआधी हात धुवा.