झाडाची पाहणी
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या पंचायतीने शाळेमागच्या जागेत समाजमंदिर बांधायचे ठरवले आहे. त्या जागेत एक जुना लिंब आहे, एक पिंपळ आहे आणि बांधाला चार-पाच बाभळी आहेत. लिंब ठेवावा की पाडावा यावरून गावात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, झाड धोक्याचं आहे, पाडा. दुसरा म्हणतो, आजा-पणजाचं झाड, हात लावू देणार नाही. दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलतात. पण झाडाजवळ जाऊन ते कुणी नीट पाहिलंय का, असं विचारलं की सगळे गप्प. तर आज मी झाड पाहावं कसं, तेवढंच सांगणार आहे.

अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यात पारस नावाचे गाव आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या बाबूजी महाराजांच्या मंदिरात आरतीला लोक जमले होते. वादळ सुटले, पाऊस आला, आणि माणसे टिनाच्या शेडखाली थांबली. शेजारचा मोठा जुना लिंब त्या शेडवर कोसळला. सात माणसे दगावली, पुष्कळ जखमी झाली. वादळ कुणाच्या हातात नाही. पण झाडाची तब्येत पाहणे आणि त्याच्याखाली माणसांनी कुठे बसायचे हे ठरवणे, या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

शहरात बांधकाम निघाले की झाडांची रीतसर पाहणी करतात. प्रत्येक झाडाला नंबर देतात, नकाशावर त्याची जागा दाखवतात, आणि नाव, घेर, उंची, फांद्यांचा पसारा, तब्येत, सगळे वहीत लिहितात. हे काम जाणकाराचे खरे. पण पहिली नोंद तुम्ही-आम्हीही करू शकतो. तुम्हाला आता लिहिता येते ना? मग झाले तर!

घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला मोजतात. त्याला सुतळी पुरते. उंचीला झाडावर चढावे लागत नाही. हात समोर ताठ धरा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर, तेवढी काठी मुठीच्या वर उभी धरा. आता सपाट जमिनीवरून मागे मागे सरका. मूठ बुंध्याच्या तळाशी आणि काठीचे टोक शेंड्याशी जुळले की थांबा. तिथून झाडापर्यंतचे अंतर मोजा. झाडाची उंची जवळपास तेवढीच. झाड पडलेच, तर ते कुठवर पोचेल हेही त्यातून कळले.

मग तब्येत. आधी पायथा पाहावा. बुंध्याला फळीसारखी कडक अळंबी उगवली असेल, तर आत लाकूड कुजते आहे असे समजा. एका बाजूची माती उचलली गेली आहे, तिथे नवी भेग पडली आहे आणि झाड दुसरीकडे कलले आहे, हे लक्षण वाईट. त्या झाडाखाली त्या दिवसापासून कुणी बसू नये. पण पुष्कळ वर्षांपासून कललेले झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ वर गेलेले असते. त्याने आपला तोल सावरलेला असतो, त्याची एवढी धास्ती नको. दोन जाड फांद्या जिथे चिकटून फुटतात ते बेचके पाहा, त्यात चीर आहे का. वाळक्या फांद्या किती, तेही लिहा. शेवटी लाकडी मोगरीने बुंधा ठोकून ऐका. भरीव लाकूड टणक वाजते, पोकळ लाकूड ढोलकीसारखे घुमते.

पोकळ निघाले की लगेच कुऱ्हाड? नाही. बांबू पोकळच असतो, तरी वाऱ्यात उभा राहतो. बाहेरची साल आणि लाकूड किती जाड उरले आहे त्यावर सगळे अवलंबून. हावड्याच्या वनस्पती बागेतला मोठा वड पाहा. बुरशी लागून कुजला म्हणून त्याचा मूळ बुंधा १९२५ साली काढून टाकला. तो वड पारंब्यांच्या आधाराने पुढेही वाढत राहिला. अर्थात लिंबाला पारंब्या नसतात, हे विसरू नका.

आता मुळांकडे वळू. पुष्कळांना वाटते, झाड वर जेवढे तेवढेच खाली खोल असते. तसे नाही. मुळांना हवा लागते, म्हणून बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्याही पलीकडे आडवी पसरतात. बांधकामात झाड मरते ते बरेचदा याच कारणाने. कुऱ्हाड कुणी लावत नाही, पण पायाचा चर मुळे तोडतो, मुरमाचा ढीग आणि जेसीबीची चाके माती दाबून टाकतात. झाड त्या वर्षी हिरवे दिसते आणि दोन-चार वर्षांनी वाळते. तोवर ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो! इंग्लंडात यासाठी एक नियम वापरतात. बुंध्याची जाडी जेवढी, तिच्या बारापट अंतर सभोवार मोकळे ठेवायचे. आपल्या सुतळीने सांगायचे तर घेराच्या जवळजवळ चौपट. लिंबाचा घेर सहा फूट भरला, तर चोवीस फुटांच्या आत चर नको, ढीग नको, चाक नको. बुंध्यापर्यंत सिमेंट नेऊन पार बांधतात, तोही नको. भक्ती असावी, पण देवाचा गळा आवळू नये.

आता भिंतीच्या भेगांचे पाहू. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढी फाटते. त्यात जवळ पिंपळासारखे तहानलेले झाड असले, तर ते पायाखालची ओल आणखी ओढून घेते. त्या बाजूचा पाया खचतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ती बहुधा वर रुंद, खाली बारीक असते, उन्हाळ्यात उघडते आणि पावसानंतर मिटते. लंडनच्या आसपासची जमीनही अशीच चिकणमातीची आहे. १९७६ साली तिकडे मोठा दुष्काळ पडला, तेव्हा असंख्य घरांच्या भिंती फाटल्या आणि विमा कंपन्यांकडे रीघ लागली. झाडे आणि पाया यांचा तिकडच्या लोकांनी नेटाने अभ्यास केला तो त्यानंतर.

पण प्रत्येक भेगेचा दोष झाडावर टाकू नका, बरं का. मोरीचे पाणी पायात मुरते, पन्हळ फुटलेली असते, पायाच मुळात उथळ असतो. म्हणून भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. वर्षभर दर महिन्याला पाहा. भेग ऋतूप्रमाणे उघडते-मिटते की एकसारखी वाढते, ते आपोआप कळेल.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. घरापेक्षा जुने मोठे झाड एकदम तोडले, तरी घर बिघडू शकते. झाड ओढत होते ते पाणी आता जमिनीतच राहते, माती काही वर्षे फुगत जाते आणि पाया वर उचलला जातो. खचण्याने तडा जातो, तसा फुगण्यानेही जातो. तेव्हा समाजमंदिरासाठी पिंपळ तोडून त्याच जागी उथळ पाया घेणे, हा माझ्या मते सगळ्यांत वाईट बेत. काळ्या जमिनीत पाया खाली मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल, तर तळाशी फुगवटा असलेले खांब घालतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यावर पुष्कळ काम केले आहे. इंजिनियरला हे विचारायला लाजू नका, पैसा आपला आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. आंबा, चिंच, फणस, साग, मोह अशी काही झाडे स्वतःच्या बांधावर असली, तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे.

माझे मत विचाराल, तर पंचायतीने जाणकाराकडून लेखी पाहणी करून घ्यावी आणि ती चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावी. तोवर ठराव थांबवावा. लिंब सडका निघाला, तर भावनेपायी ठेवू नये. तिथे रोज पोरं खेळतात. निरोगी निघाला, तर इमारत तीस फूट पलीकडे सरकवावी. वाळक्या फांद्या छाटून भागणार असेल, तर बुंध्याला हात लावू नये.

पहिली नोंद मात्र आपणच करू. उद्या सकाळी सात वाजता शाळेमागे या. सुतळी, काठी आणि मोगरी तुम्ही आणा. वही मी आणतो. लिहायचं तुम्हीच, एकेका झाडाचं एकेकाने, आणि खाली आपापली सही करायची.