एका चौकीदाराची पलटण



या व्यासपीठावर आजवर विद्वान माणसे बोलून गेली. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते जिनिंगच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. आज आम्ही एका शिपायाची हकीकत सांगणार आहोत आणि तिच्या आधाराने त्याच्या पलटणीची. नाव सांगणार नाही. त्याने स्वतःच ते कधी कुठे छापू दिले नसते.

आम्ही विशीच्या आत एका जिनमध्ये सरकी ओढायच्या कामाला लागलो, तेव्हा तो तिथे रात्रीचा चौकीदार होता. वय साठीच्या पुढे. सारे त्याला हवालदार म्हणत. बंडीवाल्यांपासून दिवाणजीपर्यंत प्रत्येकाला तो एकाच आवाजात नाव विचारी. पायात बूट, जुने, पण रोज पुसलेले.

आमच्या घरची शिकवण वेगळी होती. 1930 च्या जुलैत लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. त्या चळवळीत आमचे आजोबा तुरुंगात जाऊन आले होते. त्यामुळे इंग्रजांच्या फौजेत गेलेला माणूस म्हणजे भाकरीसाठी विकला गेलेला माणूस, हे आम्ही पाळण्यातच शिकलो होतो. एका रात्री, तरुणपणाच्या तोऱ्यात, आम्ही हवालदाराला तसे बोलूनही दाखवले.

तो रागावला नाही. विडी विझवून म्हणाला, "इंग्रजासाठी कोन गेलं, बापू? मी बुटासाठी गेलो. पायात बूट घालून पाटलाच्या ओट्यापुढून जाता यावं म्हून गेलो."

सभ्य हो, या एका वाक्याचा अर्थ लावायला आम्हाला पुढची कित्येक वर्षे वाचनालयात बसावे लागले. त्यातून जे हाती आले ते आता सांगतो.

हवालदार महार पलटणीचा. या समाजाचा आणि फौजेचा संबंध जुना. 1 जानेवारी 1818 रोजी भीमा-कोरेगावला जी लढाई झाली, तिच्या स्मारकस्तंभावर कंपनीच्या फौजेतील मृतांची 49 नावे आहेत. त्यांतली 22 नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात, म्हणजे महार शिपायांची. पुढे मुंबई सैन्यात या लोकांनी पिढ्यान्पिढ्या नोकरी केली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. फौजेत शिपायालाही अक्षरओळख मिळे आणि सुभेदाराचा मुलगा शाळेत जाई. आमच्या समजुतीने पगाराइतकेच त्याचे मोल होते.

आणि मग, 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ही भरतीच बंद केली. 'लढाऊ जाती' आणि 'बिनलढाऊ जाती' असा नवा हिशेब मांडला गेला. कालपर्यंत छातीवर बिल्ला मिरवणारा माणूस एका हुकुमाने लढण्यास नालायक ठरला! कामगार चळवळीत आम्ही टाळेबंदी पाहिली आहे. ती एका गिरणीची असते. ही अख्ख्या समाजाची टाळेबंदी होती. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे गाऱ्हाणे नेले. पहिल्या महायुद्धात माणसांचा तुटवडा पडला, तेव्हा 1917 साली '111 महार' ही पलटण उभी राहिली. आणि गरज सरताच 1921 मध्ये मोडण्यात आली. हंगामापुरते कामावर घ्यायचे आणि हंगाम संपला की फाटकाबाहेर काढायचे, ही रीत आमच्या जिनवाल्यांनी शोधून काढलेली नाही, हे आम्हाला तेव्हा समजले.

दुसऱ्या महायुद्धात तेच दार पुन्हा ठोठावले गेले. जुलै 1941 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले; स्वतंत्र महार पलटणीसाठी त्यांनी आग्रह धरला आणि तरुणांना भरती होण्यास सांगितले. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. 1942 साली दुसरी, आपल्या जवळच्या कामठीला. त्याच 1942 च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या मंडळात आपल्या जिल्ह्यातील वणीचे बापूजी अणेही होते. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी 1943 मध्ये अण्यांनी राजीनामा दिला. बाबासाहेब 1946 पर्यंत राहिले. दोघांचे मार्ग निराळे. देश कोणाचा जास्त, असा सवाल करणाऱ्यांनी जरा थांबावे, इतकेच आमचे म्हणणे.

हवालदार 1942 सालीच घरून निघाला. आता बंद असलेल्या आपल्या शकुंतला गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने नागपूर आणि पुढे कामठी. वय एकोणीस. त्या युद्धात हिंदी सैन्य सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेले आणि त्यांत सक्तीने भरलेला एकही नव्हता. सारे स्वेच्छेचे. पण स्वेच्छा म्हणजे काय? घरात दाणा नसलेल्या माणसाची स्वेच्छा आम्ही कामगारवाले चांगली ओळखतो. ती अर्धी भुकेची असते. हवालदाराची उरलेली अर्धी मात्र बुटाची होती, आणि ती खरोखर त्याची स्वतःची होती.

त्याने रणांगण गाजवले का? नाही. याच महाराष्ट्राच्या मातीतले नाईक यशवंत घाडगे 1944 साली इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीकडून लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महार पलटणीच्या वाट्याला त्या युद्धात अधिक करून राखणीचे काम आले. पहिली आणि तिसरी बटालियन वायव्य सरहद्दीवर राहिली, दुसरी ब्रह्मदेशात गेली. ब्रह्मदेशाचे हवालदार इतकेच सांगे: पाऊस, जळवा आणि हिवतापावरची ती कडू गोळी, जिने अंगाचा रंग पिवळा पडे. रात्रभर पुलाशी उभे राहायचे. पूल सकाळी जागेवर असला की कामगिरी फत्ते. अशा कामाला पोवाडा नसतो. पण पूल गेला तर पुढच्यांची लढाईही जाते.

1946 च्या ऑक्टोबरात पलटण मशीनगनची झाली. व्हिकर्स तोफेची नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती पाण्याचे वेष्टण असते. पाणी आटले की तोफ बसली. एकाने तिवई उचलायची, दुसऱ्याने तोफ, तिसऱ्याने गोळ्यांचे पट्टे, आणखी एकाने पाणी. हवालदाराकडे पाणी होते. तो हसून म्हणे, "गावात विहिरीले हात लावू देत नव्हते, तिथं माह्या पाण्यावाचून तोफ चालत नव्हती!"

मग 1947 चा ऑगस्ट आला. पंजाबात शांतता राखण्यासाठी 1 ऑगस्टला सरहद्द दल उभे केले गेले आणि महिनाभरात ते मोडावे लागले, इतका वणवा मोठा होता. महारांच्या तिन्ही बटालियन त्यात होत्या. निर्वासितांचे काफिले मैलोगणती लांब, शिपाई मूठभर. हवालदार या महिन्याबद्दल क्वचितच बोले. एकदा म्हणाला, "दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. म्हंजे बरोबर जागी उभे होतो."

1948 साली तो घरी आला. सहा वर्षांची नोकरी; शिपायाच्या पेन्शनला पंधरा लागतात. गावाने त्याला जुन्याच जागेवर बसवू पाहिले, म्हणून त्याने गाव सोडले आणि जिनचे फाटक धरले.

1990 च्या हंगामात आमचा संप झाला. मालकाने हवालदाराला फाटक मोकळे करायला सांगितले. तो म्हणाला, माझे काम माल राखण्याचे आहे, माणसे हाकलण्याचे नाही. त्या रात्री त्याने आम्हाला पहारा शिकवला: तीन-तीन तासांची पाळी, हात पाठीमागे, शिवीला उत्तर नाही, आणि भाषणाआधी पिण्याचे पाणी. संप अकरा दिवस चालला. एक दगड पडला नाही, एक माणूस फुटला नाही. आमच्या युनियनची पहिली घटना आम्ही पुस्तकातून घेतली, पण शिस्त घेतली ती त्याच्याकडून.

आता आमच्या दोषाची गोष्ट. महायुद्धातील बिनपेन्शन शिपायांना सरकारी अर्थसाहाय्य मिळू शकते, असे आम्हाला कळले. आम्ही शेकडो कामगारांचे अर्ज लिहिले, हवालदाराचाही लिहिला. एका कचेरीतील कारकुनाने त्याला विचारले, कोणती लढाई जिंकलात? तो उठून आला आणि पुन्हा गेला नाही. आम्ही अर्ज घेऊन त्याच्या मागे लागायला हवे होते. आज जाऊ, उद्या जाऊ करीत हंगाम उलटला. एका पहाटे पाळी बदलायला गेलेल्या माणसाला तो खुर्चीतच गेलेला आढळला. बूट पायात होते. अर्ज आमच्या कपाटात होता, सहीवाचून. तो अजून आमच्याकडे आहे.

पलटण पुढे वाढली. स्वातंत्र्यानंतर तिच्यात इतर समाजांचे आणि प्रांतांचे शिपाई आले. हवालदार ज्या 1942 साली भरती झाला, त्याच साली या पलटणीत अधिकारी म्हणून आलेले कृष्णराव 1981 मध्ये देशाचे सरसेनापती झाले. 1987 साली श्रीलंकेत पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना परमवीरचक्र मिळाले. तेही याच पलटणीचे. पूर्वी पलटणीच्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्याजागी कट्यार आली. 1921 मध्ये जी पलटण एका हुकुमाने मोडता आली, ती आता मोडता येत नाही. जे दार इतरांनी लावले ते या माणसांनी उघडले, आणि उघडल्यावर ते सर्वांसाठी खुले राहिले. आमच्या मते हा त्या पलटणीचा सर्वांत मोठा विजय आहे, आणि तो कोणत्याही एका लढाईत मिळालेला नाही.

आम्हाला अजून कोणी विचारतात, तो इंग्रजांचा शिपाई ना? आमच्या आजोबांनी गवत कापून एका कायद्याला नकार दिला. हवालदाराने बूट घालून दुसऱ्या कायद्याला नकार दिला, जो कुठल्याच पुस्तकात लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच मोडायला अधिक कठीण होता. दोघांची भेट झाली असती तर खडाजंगी झाली असती, यात शंका नाही. पण आमच्या घरात आता दोघांनाही जागा आहे.

ती शिपायांची पिढी आता जवळजवळ संपली. पण त्यांच्या घरांत पत्र्याच्या डब्या आहेत, त्यांत काळवंडलेली पदके आणि नोकरीचे पुस्तक आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी डबी असेल तर ती भंगारात जाऊ देऊ नका. तिच्यात काय आहे ते मुलांना वाचून दाखवा. आणि ज्यांच्या दारात आज रात्रपाळीचा चौकीदार उभा आहे, त्यांनी घरी जाताना त्याला एकदा नाव विचारावे. जमल्यास पाणीही.