बटण दाबलं आणि कमिट गायब

गिटसाठी मी रोज बटणांचंच टूल वापरतो. डिफ बघायला, नेमक्या दोन ओळी निवडून कमिट करायला त्यासारखं सुख नाही. पण एका रात्री चुकीच्या कमिटवर ‘हार्ड रीसेट’ दाबलं आणि पुश न केलेलं तीन दिवसांचं काम गायब! टीममधल्या एका दादाने टर्मिनल उघडून ‘गिट रीफ्लॉग’ टाइप केलं. सगळे कमिट तिथेच! हॅश उचलला, त्यावरून नवी ब्रँच काढली, झालं. ब्रँचवरून सुटलेल्या कमिटची ही नोंद गिट एरवी ३० दिवस ठेवतं. आमच्या टूलमध्ये त्यासाठी बटणच नव्हतं. त्या संध्याकाळचं कमिट न केलेलं काम मात्र गेलं ते गेलंच, तिथे टर्मिनलनेही हात टेकले. आता डिफ टूलमध्येच बघतो, पण रीसेट टाइप करतो. टाइप करताना हात जरा थांबतो.