आकाशाची शाळा आणि जुन्नरचे डोंगर

हवाई दलाचा तळ म्हटला कीं सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढें लांबलचक धांवपट्टी, भव्य विमानगृहें आणि कानठळ्या बसविणारा आवाज एवढेंच चित्र उभें राहतें. परंतु वैमानिकाच्या दृष्टीनें तळ ही शाळा असते, आणि त्या शाळेंत शौर्याच्या आधीं संयमाचा धडा गिरवावा लागतो. या धड्याचें मोल जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांच्या डोंगराळ मुलुखाकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें.

हा प्रदेश सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर वसला आहे. शिवनेरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ३५०० फूट. नाणेघाट उतरला कीं खालीं कोंकण लागतें. भीमाशंकराच्या माथ्यावरून आषाढांत दिवस दिवस ढग हटत नाहींत. ७ जुलै १९६२ रोजीं मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईकडे येणारें आलितालिया या इटालियन कंपनीचें प्रवासी विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलें. त्यांतील सर्व ९४ जण मृत्युमुखीं पडले. चौकशींत पुढें आलेलीं कारणें विचार करावयास लावणारीं आहेत. आपण कोठें आहों याविषयीं वैमानिकाचा चुकीचा समज झाला होता. उपलब्ध साधनांनीं त्याची खातरजमा केली गेली नाहीं. सुरक्षित उंचीची मर्यादा पाळली गेली नाहीं. आणि त्या भूप्रदेशाची पुरेशी ओळखही नव्हती. मुंबई जवळ आली असें समजून विमान उतरूं लागलें. खालीं मात्र सह्याद्री होता.

तें विमान लष्करी नव्हतें, हें खरें. पण डोंगर लष्करी आणि नागरी असा भेद करीत नाहीं. मिनिटाला दहा-बारा किलोमीटर जाणाऱ्या विमानांत पांच मिनिटांचा अंदाज चुकला तर पन्नासांहून अधिक किलोमीटरांचा फरक पडतो. शिवाय नेहमींचें उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची दाखवितें. खालची जमीन किती वर आली आहे, हें तें सांगत नाहीं. तें अभ्यासानेंच ठाऊक असावें लागतें.

हा अभ्यास टप्प्याटप्प्यानें होतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत तिन्ही दलांचे छात्र तीन वर्षें एकत्र शिकतात. त्यांतील हवाई दलाचे छात्र पुढें हैदराबादजवळील दुंडिगलच्या अकादमींत जातात. लढाऊ विमानांसाठीं निवडलेल्या कित्येकांचें शिक्षण सीमाभागांतील बिदर येथें होतें. तेथें २००८ सालीं हॉक विमानें आलीं. त्यांत विद्यार्थी पुढें बसतो आणि शिक्षक मागें. यानंतर तरुण वैमानिक लोहगांवसारख्या तळावर दाखल होतो. पुण्याच्या या तळाची स्थापना १९३९ सालची. सुखोई-३० जातीचीं नवीं विमानें तेथें २००२ सालीं आलीं. अशा तळावर परीक्षा कधींच संपत नाहीं. उड्डाणापूर्वीं हवामान, मार्ग, इंधन आणि सुरक्षित उंची यांची उजळणी होते, आणि परतल्यावर झालेल्या चुकांची चिकित्सा. यंत्रज्ञ, हवामानतज्ज्ञ आणि जमिनीवरील नियंत्रक हेही याच शाळेंत वैमानिकाबरोबर शिकत असतात.

लोहगांवची धांवपट्टी पुण्याचीं प्रवासी विमानेंही वापरतात, आणि शहर आतां तळाच्या कुंपणाला येऊन भिडलें आहे. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याभोंवतीं घारी घिरट्या घालतात. त्यांतली एखादी इंजिनांत शिरली तर नवशिक्याचेंच काय, निष्णात वैमानिकाचेंही कसब पणास लागतें. म्हणून कचऱ्याची नीट विल्हेवाट लावणारें घर नकळत या शाळेस हातभारच लावीत असतें.

लोहगांवहून जुन्नर सरळ रेषेंत साठ-सत्तर किलोमीटर. वेगवान विमानास पांच-सात मिनिटांची वाट. तेवढ्या वेळांत सपाट पठार मागें पडून कडे समोर येतात. वेग देण्याचें काम यंत्र करितें. परंतु ‘आपण या क्षणीं नेमके कोठें आहों?’ हा प्रश्न स्वतःला पुनःपुन्हां विचारण्याची संवय तळावरच्या शिक्षकानें लावावयाची असते.