जर्मनींतील आपला विद्यार्थी आणि नोकरीचा अर्ज

१९२८ सालीं इरावतीबाई कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठीं बर्लिनला गेल्या आणि तेथील डॉक्टरची पदवी घेऊन स्वदेशीं परतल्या. त्या काळीं जे थोडे लोक विद्येसाठीं जर्मनीस जात, त्यांच्यापुढें एक प्रश्न बहुधा उभाच राहत नसे : तेथल्या कारखानदारास आपली ओळख कशी करून द्यावी ? विद्या तेथें मिळवावयाची आणि तिचा उपयोग येथें करावयाचा, हें ठरलेलें असे. आजची गोष्ट निराळी आहे. २०२२-२३ च्या हिंवाळी सत्रांत जर्मनींतील परदेशी विद्यार्थ्यांमध्यें भारतीयांची संख्या चिनी विद्यार्थ्यांहूनही अधिक झाली, आणि पुढच्याच वर्षीं ती ४९ हजारांवर गेली. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनांत जर्मन भाषेचे धडे गिरविणारीं आणि चाकणच्या माळावर उभे राहिलेले जर्मन मोटारींचे कारखाने पाहत वाढलेलीं आपलीं मुलेंमुली त्यांत आहेत.

हीं मुलें मोकळ्या हातांनीं जात नाहींत. जर्मनींतील सरकारी विद्यापीठांतून शिक्षणाची फी सहसा नसते, हें खरें. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतानें मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांवर दर सत्रास १५०० युरोंची फी बसविली. परंतु एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बँकेंत बांधून ठेवल्याचें दाखविल्यावांचून तेथें बहुधा प्रवेश मिळत नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें हा आंकडा ११,९०४ युरो इतका ठरविण्यांत आला. मध्यम स्थितींतील बाप ही रक्कम कोठून आणतो, हें सांगावयास नको. घर गहाण पडतें, आईचे दागिने जातात. मग पदवी हातीं आली म्हणजे नोकरी शोधावयास कायदा अठरा महिने देतो. ह्या अठरा महिन्यांत वाटेल तें काम करण्याची मोकळीक असते. पण तोंवर शिक्षणास शोभेसें काम मिळालें नाहीं, तर दुसरा कांहीं आधार नसल्यास परत फिरावें लागतें. एवढें सगळें ज्यावर अवलंबून आहे, तो अर्ज आपला विद्यार्थी पुष्कळदां एका रात्रींत, मित्राच्या अर्जावरून उतरून काढतो, आणि तोच शंभर ठिकाणीं धाडतो. शंभर नकार आले म्हणजे त्यास वाटतें कीं आपल्या कातडीचा रंग आड आला. कधीं कधीं तसेंही होत असेल. पक्षपात कोणत्या देशांत नाहीं? परंतु पुष्कळ वेळां दोष अर्जाचाच असतो, आणि अर्ज सुधारणें आपल्या हातीं असतें.

प्रथम नोकरी देणारा कोण, तें पाहिलें पाहिजे. आपल्या मुलांस पांचसात मोठ्या कंपन्यांचीं नांवें पाठ असतात आणि सगळे अर्ज त्यांच्याच दाराशीं जाऊन पडतात. जर्मनीचा उद्योग मात्र मोठ्या अंशानें मध्यम आकाराच्या कारखान्यांवर उभा आहे. त्यांस तिकडे मिट्टेलश्टांड म्हणतात. एखाद्या आडगांवीं, एकाच घराण्याकडे दोनतीन पिढ्या चालत आलेला, दोन-तीनशें माणसांचा कारखाना असतो. तो एखादी झडप किंवा पंप बनवितो आणि ती वस्तु जगभर जाते. हेर्मान झिमोन या लेखकानें अशा कारखान्यांस ‘छुपे विजेते’ असें नांव दिलें आहे. येथील मालकास परदेशी पदवीधर नको असतो असें नाहीं. त्यास माणसें हवीं आहेत. पण त्याच्या मनांत शंका असतात. हा मुलगा आमच्या गांवांत टिकेल काय ? फोरमनशीं बोलूं शकेल काय ? आणि याला ठेवून घेण्यांत सरकारी कागदांचा किती व्याप होईल ?

ह्या तिसऱ्या शंकेचें उत्तर मालकास ठाऊक असेल, असें गृहीत धरूं नये. मोठ्या कंपनींत त्यासाठीं स्वतंत्र खातें असतें. लहान कारखान्यांत एकच बाई पगारपत्रकें, सुट्ट्या आणि नवीन नेमणुका सगळें पाहत असते. इंग्लंडांत परदेशी माणसास कुशल कामावर घेण्यासाठीं मालकास आधीं सरकारी परवाना काढावा लागतो. जर्मनींत तसें नाहीं. मालकानें कामाचें स्वरूप आणि पगार सांगणारें एक ठराविक निवेदन भरून द्यावयाचें, बाकीची खटपट उमेदवारानेंच परदेशीयांच्या कचेरींत करावयाची. म्हणून अर्जाच्या शेवटीं दोन वाक्यें घालावीं : आज निवासाचा परवाना अमुक तारखेपर्यंत आहे, आणि जर्मन विद्यापीठाची पदवी असल्यामुळें कामाचा परवाना मिळण्यास मालकानें करावयाचें तें एवढेंच. ‘ब्लू कार्ड’ नांवाच्या परवान्यास पगाराची किमान मर्यादा असते व ती दरसाल बदलते. २०२५ सालीं ती वर्षास ४८,३०० युरो होती आणि नव्यानें पदवी घेतलेल्यांस ४३,७५९ युरो ८० सेंट. ही दुसरी, सवलतीची मर्यादा पुष्कळ मालकांस माहीत नसते, आणि खेदाची गोष्ट अशी कीं पुष्कळ उमेदवारांसही नसते.

भाषेचा प्रश्न याहून अवघड. आज जर्मन विद्यापीठांतून इंग्रजींत शिकवले जाणारे अभ्यासक्रम पुष्कळ झाले आहेत, आणि त्यामुळें विद्यार्थ्याची अशी समजूत होते कीं जर्मन भाषेवांचून भागेल. वर्गांत भागतें; कारखान्यांत भागत नाहीं. युरोपांत भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर बाजारहाट होतो. यंत्र कां बंद पडलें, याची चर्चा करावयास चौथी पायरी, म्हणजे बी-२, गांठावी लागते. अर्जांत मात्र ‘जर्मन : उत्तम’ असें लिहून ए-२ चें प्रमाणपत्र जोडणारे महाभाग आढळतात. त्यापेक्षां ‘बी-१ पूर्ण, बी-२ चा वर्ग चालू, परीक्षा अमुक महिन्यांत’ हें लिहिणें शतपटीनें बरें. मराठी मुलाची एक सोय आहे, ती त्यास बहुधा कोणी सांगत नाहीं. इंग्रजींतून जर्मन शिकावयास जाणारा ‘देर, दी, दास’ पाहून घाबरतो. ज्याच्या घरांत तो, ती आणि तें असे तिन्ही आहेत, त्यानें कां घाबरावें? तसेंच जर्मनांचें ‘दू’ आणि ‘झी’. वडिलांच्या स्नेह्यास ‘तूं’ म्हणूं नये हें ज्यास लहानपणीं शिकवलें, त्यास ‘झी’ केव्हां वापरावें हें समजावून सांगावें लागत नाहीं. समोरचा मनुष्य स्वतः ‘दू’ म्हणा असें सांगेपर्यंत ‘झी’ सोडूं नये, इतकेंच.

आतां प्रत्यक्ष अर्जाकडे वळूं. त्याचे भाग तीन : एका पानाचें पत्र, एकदोन पानांचा जीवनक्रम, आणि मागें जोडलेले दाखले. जीवनक्रमास तिकडे लेबन्सलाउफ म्हणतात. तो कोष्टकासारखा लिहितात. डावीकडे महिना व साल, उजवीकडे त्या काळांत काय केलें तें. वाचणाराची नजर प्रथम डाव्या बाजूवरून उतरते आणि मधला कोठें काळ रिकामा राहिला आहे तें हेरते. आपल्याकडे वर्ष मागें राहिलें, ए. टी. के. टी. मध्यें अडकलें, घरीं आजारपण निघालें, तर तें झांकण्याची रीत आहे. तेथें रिकामें सोडलेलें अर्धें वर्ष अधिक बोलतें. एका ओळींत खरें कारण लिहिलें कीं विषय संपतो. छायाचित्र लावण्याची जुनी चाल अजून पुष्कळ ठिकाणीं आहे. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर मालकास तें मागतां येत नाहीं, परंतु देणारे देतात. द्यावयाचें तर नीट काढवून घेतलेलें द्यावें. लग्नाच्या मेळ्यांतून कापून काढलेलें नको.

नांवाचा घोटाळा हा खास आपल्याकडचा. शाळेच्या दाखल्यावर आडनांव प्रथम, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें; शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आईचेंही नांव असतें; पासपोर्टांत वडिलांचें नांव मुलाच्या नांवास चिकटून बसतें; मुलीचें लग्न झालें असेल तर मधलें नांव आणि आडनांव दोन्ही बदललेलीं. चार कागदांवर चार नांवें पाहिलीं म्हणजे जर्मन कारकुनास हे चार निरनिराळे इसम वाटले तर त्याचा काय दोष ? जीवनक्रमाच्या माथ्यावर पासपोर्टाप्रमाणें नांव लिहावें आणि जुन्या कागदांवर तें कसें आलें आहे याची एका ओळीची टीप खालीं द्यावी.

गुणांचेंही तसेंच. जर्मनींत १.० हा सर्वांत वरचा शेरा आणि ४.० हा उत्तीर्ण होण्याचा शेवटचा. आपल्याकडे दहापैकीं आठ मिळविलेल्या मुलानें नुसतें ‘८’ लिहिलें, तर वाचणारास त्यावरून कांहींच बोध होत नाहीं. तेथील विद्यापीठें अशा गुणांचें रूपांतर बहुधा बव्हेरियन सूत्रानें करतात. सर्वाधिक गुणांतून आपले गुण वजा करावे. त्यास सर्वाधिक आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या अंतरानें भागावें. तिनांनीं गुणून एक मिळवावा. दहापैकीं चारांना उत्तीर्ण धरलें, तर आठांचे बरोबर २.० होतात, आणि हा चांगला शेरा आहे. हें गणित उमेदवारानें करून दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं लिहावे. मूळ पदवीला जर्मनींत कोणता दर्जा आहे तें ‘अनाबिन’ नांवाच्या सरकारी सूचींत पाहतां येतें. तेंही पाहून ठेवावें.

पत्राविषयीं थोडेंच सांगावयाचें. ‘आदरणीय महोदय’ असा मायना घालून तें पत्र एका बाईंच्या हातीं पडलें, म्हणजे पुढचें वाचण्यापूर्वींच ग्रह वाईट होतो. जाहिरातींत बहुधा नांव दिलेलें असतें. नसेल तर कचेरींत फोन करून विचारावें, यांत संकोच कसला? आणि विशेषणें टाकावींत. मेहनती, प्रामाणिक, होतकरू हे शब्द सगळेच लिहितात. आपल्या संस्कारांत स्वतःच्या तोंडानें स्वतःची स्तुति करणें वाईट मानलें आहे. त्यामुळें मुलगा एक तर गप्प बसतो, नाहीं तर गप्प बसणें पुरे नाहीं असें कोणी सांगितलें म्हणजे एकदम ढोल वाजवूं लागतो. दोहोंच्या मध्यें एक वाट आहे : केलेलें काम सांगावें. कॉलेजांत आठ जणांनीं मिळून स्पर्धेसाठीं गाडी बांधली, त्यांतील ब्रेकची जबाबदारी आपणाकडे होती, पहिल्या चांचणींत तो तापून निकामी झाला, मग अमुक बदल केला, असें लिहिलें म्हणजे त्यांत स्तुति नाहीं आणि लपवाछपवीही नाहीं. ‘आम्ही केलें’ एवढ्यावर मात्र थांबूं नये. ‘आम्ही’ मध्यें या मुलानें काय केलें, हेंच तर वाचणारास हवें असतें. न केलेल्या नोकरीचा खोटा अनुभव लिहून देणारे दलाल हल्लीं निघाले आहेत. त्यांच्या नादीं लागूं नये. फसवणूक उघड झाली तर जर्मन कायद्याप्रमाणें मालकास मागाहूनही करार रद्द करतां येतो, आणि मग नोकरीबरोबर राहण्याचा परवानाही डळमळतो.

पगाराची अपेक्षा विचारतात, तेव्हां ती वर्षाची आणि कर वजा होण्यापूर्वींची विचारतात. महिन्यास हातीं पडणारी रक्कम सांगून बसलेला उमेदवार आपणच आपलें मोल कमी करून घेतो.

शेवटचा भाग दाखल्यांचा, आणि तेथेंच आपलीं मुलें सर्वांत जास्त चुकतात. शिकत असतांना वर्षास १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा मार्च २०२४ पासून आहे. एखाद्या कारखान्यांत असें काम केलें, तर तें सोडतांना मालकाकडून लेखी दाखला मागण्याचा हक्क कायद्यानें दिला आहे. ह्या दाखल्यास आर्बाइट्सत्सॉयग्निस म्हणतात. तो खरा असला पाहिजे आणि त्याच वेळीं नोकराचें पुढें नुकसान न करणाराही असला पाहिजे, असें न्यायालयांनीं ठरवून दिलें आहे. आतां वाईट कामगाराविषयीं खरें आणि गोड एकदम कसें लिहावें ? त्यांतून तिकडे एक सांकेतिक भाषाच तयार झाली. ‘आमच्या सदैव पूर्णतम समाधानास उतरेल असें काम केलें’ म्हणजे पहिला वर्ग. ‘सदैव’ राहिलें आणि ‘पूर्णतम’चें ‘पूर्ण’ झालें, कीं मनुष्य तिसऱ्या वर्गांत गेला. ‘आमच्या समाधानास उतरेल असें’ एवढेंच असेल तर चौथा. आणि ‘त्यानें प्रयत्न केला’ असें लिहिलें असेल, तर त्याचा अर्थ प्रयत्नास यश आलें नाहीं. दाखल्याची भाषा स्पष्ट असावी, तींत गुप्त खुणा नसाव्या, असें कायदा म्हणतो. व्यवहार आपल्या वाटेनें चालतो. आपला विद्यार्थी ‘समाधान’ हा शब्द पाहून आनंदतो आणि तो कागद पुढच्या प्रत्येक अर्जास जोडतो. म्हणून दाखला हातीं येतांच जाणत्या जर्मन मित्रास किंवा विद्यापीठांतील नोकरीविषयक सल्ला देणाऱ्या कचेरीस दाखवावा. शब्द कमी पडले असतील, तर बदलून मागतां येतात, आणि पुष्कळ मालक तें करूनही देतात.

त्याहून वाईट गत दाखलाच न मागणाराची. सहा महिने राबलेला मुलगा शेवटच्या दिवशीं सगळ्यांना घरचे लाडू वांटतो, हस्तांदोलन करतो आणि निघून येतो. कागद मागणें त्यास उद्धटपणाचें वाटतें. वर्षानें अर्ज करतांना त्याची आठवण होते, तोंवर ज्यानें काम पाहिलें तो वरिष्ठ दुसऱ्या गांवीं गेलेला असतो, आणि नव्या माणसास ह्या मुलाचा चेहराही ठाऊक नसतो. दाखल्यासाठीं काम सुटण्यापूर्वीं दोन आठवडे लेखी विनंति करावी. काय काय केलें त्याची यादी त्यास जोडावी, म्हणजे लिहिणाराचें काम हलकें होतें. लाडू मग खुशाल वांटावे.