पाच-पाच मीटरच्या दोन तारा

ऑक्टोबर महिन्यातला शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे ‘हॅम’ मंडळींना, जत्रेसारखा वाटतो. ‘सीक्यू वर्ल्डवाइड’ ही बोलण्याची स्पर्धा तेव्हा होते. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला ती सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. या ४८ तासांत जास्तीत जास्त देशांतल्या केंद्रांशी संपर्क साधायचा, एवढाच खेळ. मध्ये मोबाइल नाही, इंटरनेट नाही. आपला आवाज आकाशातल्या विद्युतभारित थरावर आदळून परत जमिनीवर उतरतो, त्यावर सगळी भिस्त.

चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागातल्या साध्या घरातून हे जमेल का? जमते. स्पर्धेत १०० वॅटपर्यंतच्या केंद्रांचा वेगळा गट असतो आणि अवघ्या ५ वॅटवाल्यांचाही. अर्थात, आपल्या परवान्यात जेवढ्या शक्तीची मुभा आहे तेवढीच वापरायची. यंत्र महागच हवे असेही नाही. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास ‘बिटेक्स’ नावाच्या यंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यात काही वेटोळी चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली होती. अशा काही वॅटच्या यंत्रावरून लोक परदेशांशी बोलले.

खरी कमाई अँटेनाची. २० मीटरच्या पट्ट्यासाठी तांब्याच्या तारेचे पाच-पाच मीटरचे दोन तुकडे मधोमध केबलला जोडले, की काम झाले. ती तार सुमारे १० मीटर उंच, विजेच्या तारांपासून लांब बांधावी. ईशान्य-नैऋत्य अशी ताणली तर आवाजाचा जोर वायव्येला म्हणजे युरोपकडे आणि आग्नेयेला इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाकडे जातो.

चंद्रपूरची अडचण मात्र निराळी. औष्णिक वीज केंद्र, खाणी, उच्चदाब वाहिन्या, त्यात दिवाळी जवळ आलेली असेल तर स्वस्त रोषणाईच्या माळा. या सगळ्यांची खरखर रेडिओत शिरते. अशा वेळी शक्ती वाढवून उपयोग नाही. जे ऐकूच येत नाही त्याला उत्तर काय देणार? घरातले एकेक चार्जर, एकेक दिवा बंद करून खरखर कुठून येते ते शोधावे. बॅटरीवर रेडिओ चालवून घराचा मुख्य स्विच पाडला, तर निम्मे कोडे सुटते. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावात हा त्रास कमी. तिथली शांतता हीच मोठी पुंजी.

आता गुणांचे गणित. प्रत्येक संपर्कात दोनच गोष्टी सांगायच्या: आवाज कसा येतो त्याचा आकडा आणि आपल्या विभागाचा क्रमांक. भारताचा २२. दुसऱ्या खंडातल्या केंद्राला ३ गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाला १. या बेरजेला आपण गाठलेल्या देशांच्या आणि विभागांच्या संख्येने गुणायचे. समजा, एकाच पट्ट्यावर १०० संपर्क झाले, ७० बाहेरच्या खंडांतले आणि ३० आशियातले. गुण २४०. देश ४० आणि विभाग १५, म्हणजे ५५. गुणाकार १३,२००. पुढे जपानचीच आणखी पाच केंद्रे मिळाली तर २७५ गुण वाढतात. पण युरोपातले पाच नवे देश मिळाले तर २,१०० वाढतात. म्हणून छोट्या केंद्राने एका जागी बसून हाका मारू नयेत. पट्टा हळूहळू चाळावा, नवा देश हेरावा, मोठ्यांची गर्दी ओसरली की नेमक्या क्षणी आपले नाव स्पष्ट सांगावे. घाई करणाऱ्यापेक्षा कान देणारा इथे पुढे जातो.

हा नुसता खेळ आहे का? डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद अंदमानातून हौशी रेडिओ चालवायला पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. जगभरच्या हॅमना त्या दुर्मीळ बेटांशी संपर्क साधता यावा, हा हेतू. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले आणि त्याच केंद्रावरून खुशालीचे निरोप जाऊ लागले. खेळासाठी उभारलेली तार माणसांच्या कामी आली.

आपल्याकडेही पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आलेला आहे. खरखरीतून एक नाव, एक आकडा अचूक ऐकणे, तो न चुकता लिहिणे आणि रात्रभर बॅटरी पुरवणे, हे ऐन पुरात शिकता येत नाही. स्पर्धेचे ४८ तास ते शिकवतात.

परवान्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेली मुलेही ती देऊ शकतात. परवाना हाती येईपर्यंत बोलायचे नाही, पण ऐकायला आजपासून सुरुवात करता येते. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांनी चार मुले जमवून एक शॉर्टवेव्ह रेडिओ आणि एक लांब तार लावली, तरी आरंभाला तेवढे पुरे आहे.